"सेवेची संधी द्या" म्हणणाऱ्याला मंडळीत मोठं म्हणायचं का?

कृष्णाकाठचा (धागाकर्ता)

आमच्या चर्चच्या मंडळीत पुढच्या महिन्यात कमिटीची निवडणूक आहे. मंडळीचं नाव लिहीत नाही, सांगली-मिरज पट्ट्यातली आहे एवढं पुरे. व्हॉट्सअ‍ॅपवर उमेदवारांचे फोटो फिरायला लागलेत. कडक इस्त्रीचा शर्ट, जोडलेले हात आणि खाली सगळ्यांची एकच ओळ: "एकदा सेवेची संधी द्या." हीच ओळ महापालिकेच्या निवडणुकीत वाचली की आपण हसतो. इथे मात्र "आमेन" टाकतो.

माझा साधा प्रश्न आहे. सेवेची संधी अडवलीय कोणी? चर्चमागचं गटार दर पावसाळ्यात तुंबतं, त्यासाठी मतदान लागत नाही. सिव्हिलमध्ये एकटं पडलेलं माणूस भेटायला जाणाऱ्याकडे ओळखपत्र मागत नाही. अडलंय ते पद. ते हवं असेल तर तसं म्हणावं, त्यात पाप नाही.

जब्दीचे मुलगे या बाबतीत बरे. बायबलात मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात हे दोघे शिष्य, याकोब आणि योहान, सरळ येशूकडे येऊन सांगतात की तुझ्या गौरवात आम्हाला एकाला उजवीकडे, एकाला डावीकडे बसव. बाकीचे दहा शिष्य चिडतात, ते काही नम्रतेपोटी नव्हे. त्यांचीही नजर त्याच जागांवर होती. मग येशू म्हणतो, परराष्ट्रीयांचे अधिकारी लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नको. ज्याला मोठं व्हायचंय त्याने सगळ्यांची चाकरी करावी. एक अध्याय आधी, कफर्णहूमच्या वाटेवरही हाच वाद झाला होता. दोन्ही वेळा येशू स्वतःच्या मरणाबद्दल बोललेला असतो आणि मागोमाग यांचं "आपल्यात मोठा कोण" सुरू होतं. लूकचं शुभवर्तमान तर हे भांडण शेवटच्या भोजनाच्या मेजावरच घडवतो.

माझं मत असं. मंडळीत कोणाचा मोठेपणा बघायचा असेल तर पदावर बसून त्याने काय केलं हे नंतर बघा, आधी काय सोडलं ते बघा. कपाटाच्या किल्ल्या, चेकबुक, माईक, पहिला बाक. यातलं काहीही न सोडता केलेली सेवा म्हणजे हौस. बोला.

मिरज_जंक्शन

बोलतो. तुमचं लिखाण वाचायला छान आहे, पण त्यावर संस्था चालत नाही.

तुम्ही रोज वानलेसवाडीवरून जात असाल. ज्यांच्या नावाची ती वाडी, ते मिशनरी डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभं राहिलं. मिरजेला लोक आज वैद्यकीय नगरी म्हणतात त्याचं मूळ तिथे आहे. या माणसाने किल्ल्या सोडल्या होत्या का? मुळीच नाही. शस्त्रक्रिया करायची, हाताखालचे लोक शिकवून तयार करायचे, संस्थानिकांशी बोलायचं, परदेशातून निधी आणायचा. हे सगळं हुकमत असल्याशिवाय होत नाही. १९२८ मध्ये सरकारने 'सर' केलं, तेही त्यांनी घेतलं. तुमच्या मापाने वॉन्लेस छोटे ठरतात. मला ते माप नको.

दुसरं, २०१९ चा पूर आठवा. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आमच्या हॉलमध्ये भाकऱ्या थापायला पन्नास हात होते, पण कोणत्या गल्लीत किती पाकिटं, टेम्पो कुठून वळवायचा, औषधं कोणाकडे, हे ठरवणारं एकच डोकं होतं आणि ते लोकांवर ओरडत होतं. त्या ओरडण्यामुळे माणसं जेवली. सगळेच भाकऱ्या थापायला बसले असते तर भाकऱ्या हॉलमध्येच राहिल्या असत्या.

आणि शास्त्राचंच काढलंत म्हणून, प्रेषितांची कृत्ये ६. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावलतात अशी कुरकुर झाली तेव्हा बारा प्रेषितांनी पदर खोचून वाढायला घेतलं नाही. ते म्हणाले, देवाचं वचन सोडून आम्ही पंक्ती वाढत बसणं बरोबर नाही, सात माणसं निवडा. म्हणजे निवडणूकच झाली की.

कृष्णाकाठचा

@मिरज_जंक्शन दादा, अध्याय ६ वर थांबू नका, ७ आणि ८ वाचा. पंक्तीसाठी नेमलेल्या सातांपैकी स्तेफन पुढच्याच अध्यायात महासभेपुढे लांबलचक भाषण करतो आणि दगडमार खाऊन मरतो. फिलिप शोमरोनात जाऊन सुवार्ता सांगतो. वाढणाऱ्यांनी वाढतच राहायचं ही वाटणी आठवडाभरही टिकलेली दिसत नाही. आणखी एक, त्या सातांची नावं सगळी ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या त्यांच्याच माणसांच्या हातात वाटप गेलेलं दिसतं. यालाच मी किल्ल्या सोडणं म्हणतो.

जुनी_शिक्षिका

साताऱ्याहून लिहितेय. वॉन्लेस आले, मग आमच्याकडचे टिळकही येऊ द्या.

रेव्हरंड ना. वा. टिळक १९१७ मध्ये मिशनच्या पगाराची नोकरी सोडून साताऱ्यात आले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले, न झालेले, दोघांनाही तिथे जागा होती. पन्नाशी उलटलेला, नावाजलेला कवी, घरात संसार, आणि महिन्याचा ठरलेला पगार सोडतो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या बाजूने हे कसं गेलं असेल याचा विचार करताना मला टिळकांचा जरा रागही येतो, ते असो. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार काही पुढे वाढला नाही.

मिरजकर म्हणतील, बघा, संस्था उरली नाही. खरं आहे, वॉन्लेसांची इमारत दाखवता येते, टिळकांची नाही. पण टिळकांची पदं आजही प्रत्येक मराठी उपासनेत गातो आपण, आणि ती गाताना कमिटीची परवानगी लागत नाही. टिकलं ते मोठं, हे माप शास्त्रात कुठे आहे ते मला दाखवा.

वाळव्याचा

तुम्ही सगळे वरून खाली बघताय म्हणून तुम्हाला सेवा हा शब्द गोड लागतो. मी खालून बघतो.

माझा पणजा महारकीचं काम करायचा. सरकारी टपाल पोचव, मेलेलं जनावर ओढ, पाटलाच्या वाड्यावर पहाऱ्याला उभा राहा. हीसुद्धा सेवाच होती, पिढीजात. कायद्याने ती वतनं रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. त्याच्या कितीतरी आधी पणजानं बाप्तिस्मा घेतला. घरात सांगतात की त्याला सगळ्यात नवल वाटलं ते एकाचंच: चर्चमध्ये त्याला बाकावर बसायला सांगितलं. त्याला आधी बसायचं होतं. आता त्याच्या पणतवाला तुम्ही वेदीजवळून सांगणार, "बाबा रे, दास हो, त्यातच मोठेपण." आम्ही दासच होतो, आम्हाला कोणी मोठं म्हटलं नाही.

ते वचन कोणाला उद्देशून आहे ते बघा. गादी मागायला आलेल्यांना. येशूने ते बार्तीमयाला सांगितलं नाही. तो आंधळा भिकारी त्याच अध्यायात चार ओळींवर बसलाय. त्याला येशू विचारतो, "मी तुझ्यासाठी काय करावं?" बघा, हाच प्रश्न त्याने याकोब-योहानालाही विचारला होता. त्यांनी खुर्ची मागितली, यानं डोळे मागितले. एकाला उपदेश मिळाला, एकाला डोळे.

आता धागाकर्त्यांना. तुमचं "काय सोडलं ते बघा" हे मापही तुमच्याच लोकांच्या सोयीचं आहे. सोडायला आधी हातात काही लागतं. ज्याच्याकडे कधी किल्ली नव्हतीच तो काय सोडणार? म्हणजे मोठेपण पुन्हा किल्लीवाल्यांकडेच. आधी पद मिळवायचं, मग सोडल्याचं कौतुक.

बायकांचं तेच. सतरंज्या झटकणं, वेदीवरचं कापड धुणं, नाताळाचा फराळ, सगळं त्यांच्याकडे. आणि कमिटीत जागा मागितली की, "ताई, तुमची सेवा प्रभू बघतोय." प्रभू बघतोय हो, तुम्ही कधी बघणार?

मिरज_जंक्शन

@वाळव्याचा, तुमच्या पहिल्या निम्म्याशी वाद घालणार नाही. पण मग तुम्ही माझ्या बाजूला आलात. तुम्हाला अधिकार हवाय, आणि मिळायला हवा. मी एवढंच म्हणतोय की अधिकार वाईट नाही. योहान १३ मध्ये शिष्यांचे पाय धुवून झाल्यावर येशू पुन्हा आसनावर बसतो आणि म्हणतो, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते ठीकच म्हणता. पाय धुतले म्हणून त्याने प्रभूपण खाली ठेवलेलं नाही.

वाळव्याचा

तुमच्या बाजूला नाही आलो. तुम्हाला अधिकार तुमच्याकडेच हवाय, मला तो वाटून हवाय. रस्ता एक दिसला तरी गाड्या वेगळ्या.

अजिंक्यतारा

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे. धागा आवडला म्हणून डोकावतो.

माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं शिस्तीचं रूप दिलं ते आमच्या सातारा जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी. शिंद्यांच्या दरबारातले सरदार माणूस. आळंदीला महाद्वारात त्यांची पायरी आहे, लोक तिच्यापाशी माथा टेकवून आत जातात. नामदेवांचंही पंढरपुरात तेच. कळसाची नाही, पायरीची जागा मागितली. म्हणजे तुमचा मुद्दा आमच्याकडे दगडात कोरलेला आहे.

पण गंमत सांगतो. वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, वय-जात बघत नाहीत. आणि त्याच वारीत कोणती दिंडी रथापुढे, कोणती मागे, मान कोणाचा, यावरून कडाक्याचे वाद होतात. पायरीच्या पूजेलाही मानकरी असतात. तेव्हा तुमच्या कमिटीला फार बोल लावू नका. नम्रतेचासुद्धा मान ठरवून घ्यायची आपल्याला सवय आहे.

पाळकघर

वारकरी दादांना दुजोरा. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी स्वतःला 'देवाच्या सेवकांचा सेवक' म्हणवून घेत. पुढे ती पोपची अधिकृत उपाधी होऊन बसली. सगळ्यात खालचं नाव सगळ्यात वरच्या खुर्चीला चिकटलं. तरी खुर्चीत बसणाऱ्यावर बरंच असतं. २०१३ मध्ये ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी पोप फ्रान्सिस रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि बारा जणांचे पाय धुतले. त्यात मुली होत्या, मुसलमानही होते. आपल्याकडे पाय धुण्याच्या विधीला कोणाला बसवायचं याची यादी आठवडाभर आधी ठरते आणि ती मंडळी घरून पाय घासून येतात.

पण मला वेगळंच बोलायचंय. माझे वडील पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते. 'सेवक' हा शब्द आमच्या घरात पगाराच्या तारखेला यायचा. तीन-तीन महिने पगार थकायचा आणि आई कोणाजवळ बोलली तर उत्तर यायचं, "पाळकबुवा, ही नोकरी नाही, सेवा आहे." असं सांगणारे स्वतः सरकारी नोकरीत, महागाई भत्त्यासकट. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, चांगला अधिकार चालवणारे मंडळीचे वडीलजन दुप्पट सन्मानाला पात्र आहेत असं लिहिलंय आणि लगेच पुढे बैलाचं तोंड बांधू नका, मजुराला मजुरी द्या. सेवा म्हणजे फुकट, हे पौलाला ठाऊक नव्हतं बहुतेक.

तेव्हा @कृष्णाकाठचा, "काय सोडलं" विचारणार असाल तर कोणाला विचारताय ते सांभाळा. आमच्याकडून सगळे सोडूनच घेत आले.

पुण्यातला_नोकरदार

मूळचा कराडचा. आमच्या कंपनीत मागच्या वर्षी 'सर्व्हंट लीडरशिप'चं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, पंचतारांकित हॉटेलात. ही संज्ञा १९७० मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी रूढ केली, ते टेलिफोन कंपनीत आयुष्य काढलेले गृहस्थ. कल्पना वाईट नाही. माझा मॅनेजर त्यानंतर "मी तुमच्यासाठी काय करू शकतो" असं विचारायला लागला, आणि रजा पूर्वीसारखीच नाकारतो.

मार्कातलं "सेवा करून घ्यायला नाही, सेवा करायला" हे येशूचं वचन मात्र पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून देण्यावर संपतं. ट्रेनिंगवाले त्याच्या अर्ध्यावर थांबतात, कारण पुढच्या अर्ध्याची स्लाइड बनत नाही. तुमचे उमेदवारही तिथेच थांबलेत.

कृष्णाकाठचा

@वाळव्याचा, @पाळकघर, माझं माप किल्लीवाल्यांसाठीच आहे आणि मुद्दाम आहे. ज्याच्याकडे काही नाही त्याने सोडावं असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. त्याला द्यायचं आहे. किल्लीवाल्याने सोडलं तरच ते त्याच्या हातात येईल, नाहीतर येणार कुठून? म्हणून उमेदवारांना तीन गोष्टी विचारायच्या ठरवल्यात. दर महिन्याचा हिशेब फलकावर लावाल का? कमिटीत निम्म्या बायका घ्याल का? सलग दोनदा पद भूषवल्यावर बाजूला व्हाल का? पाळकांचा पगार पहिल्या तारखेला, हे चौथं पाळकघरासाठी जोडतो.

@मिरज_जंक्शन, पुरातलं ते ओरडणारं डोकं मलाही आठवतं. पाणी उतरल्यावर त्याने यादी आणि उरलेले पैसे दोन्ही पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर ठेवले होते. म्हणून त्याचं ओरडणं कोणाला लागलं नाही.

मिरज_जंक्शन

ते ठेवलं कारण त्याच्याकडे ठेवण्याचा अधिकार होता. फिरून तिथेच येतो आपण. आणि निम्म्या बायका म्हणताय, गेल्या निवडणुकीत उभ्याच दोघी राहिल्या होत्या. अर्ज भरायची मुदत शनिवारपर्यंत आहे. एवढं लिहिता तर स्वतः का भरत नाही?

जुनी_शिक्षिका

दोघीच का उभ्या राहिल्या हे त्या दोघींना कोणी विचारलं का?

कृष्णाकाठचा

कमिटीसाठी भरत नाही. हिशेब तपासनीसाच्या जागेला मात्र अजून एकही अर्ज नाही. तिथे फोटो लागत नाही आणि वर्षभर शिव्या खाव्या लागतात. त्यासाठी माझं नाव सुचवा, तुम्हीच सुचवा.

मिरज_जंक्शन

सुचवतो. अनुमोदन वाळव्याच्या माणसाकडून घ्या, आमच्या कोपऱ्यात तुम्हाला कोणी देणार नाही.