बुद्धिबळात आपल्यापेक्षा 400 रेटिंगने वरच्या खेळाडूशी मोहऱ्यांची मारामारी (मोहऱ्याला मोहरं) करत सुटायचं का?

अंत्रुजकरीण
पणजीतल्या खुल्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत 1903 वाला मुलगा आला, जेमतेम बारा वर्षांचा. माझं रेटिंग 1504. स्विस पद्धतीत पहिल्या फेरीला यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी पडतो, त्यामुळे हे ठरलेलंच. काळ्याकडून कॅरो-कान ही सुरुवात खेळले आणि मिळेल ते मारत गेले. शेवटी दोघांचा एकेक हत्ती, त्याचं एक प्यादं जास्त. साहेब माझी चाल लिहून न घेताच शेजारच्या पटावर बघायला उठले!

पांढरा: राजा डी5, प्यादं ई5, हत्ती एच7. माझा राजा ई8, हत्ती ए6. मी हत्ती सहाव्या ओळीतच ए6-बी6 फिरवत बसले. त्याने ई6 ढकललं तशी थेट बी1, आणि मागून शहावर शह. बरोबरी. आता क्लबात जो तो म्हणतो, बलवानाशी असंच खेळायचं. मला काही पटत नाही.

म्हापसेकर
अभिनंदन बाई! तुमचा के (रेटिंग किती हलतं तो गुणक) 20 असेल तर 20 × (बरोबरीचा 0.5 − तुमच्याकडून अपेक्षित 0.08), म्हणजे 8.4 रेटिंग गुण खिशात. तुम्ही हरला असतात तरी फक्त 1.6 गेले असते. मग घाबरून मारामारी कशाला? भिडा की!

तिरका_उंट
ताई, तुमची शंका रास्त आहे. तो हत्ती सहाव्या ओळीत धरायचा म्हणजे फिलिडोरचा बचाव, तो तुम्हाला येत होता म्हणून वाचलात. मोहरी कमी केली की ताकदीतला फरक कमी होत नाही. उलट 1900 वाले एंडगेमवरच, म्हणजे थोडीच मोहरी उरलेल्या शेवटच्या भागावरच जगतात. मी मुलांना सांगतो, मारायच्या आधी उरणारा पट डोळ्यांसमोर आणा, तो येत असेल तरच मारा. आणि वरचा खेळाडू हरतो तो बहुतेक गुंतागुंतीत. 2025 च्या नोव्हेंबरात इथेच गोव्यात वर्ल्ड कपला विश्वविजेता गुकेश तिसऱ्या फेरीत जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेकडून बाहेर पडला की नाही? वजीर कितव्या चालीला मारलात?

अंत्रुजकरीण
सर, चौदाव्या. माझा उंट चांगला बसला होता, तोही पुढच्याच चालीला देऊन टाकला. वजीर ठेवून तो डाव पुन्हा मांडून बघते. म्हापसेकर, तुमचे 8.4 टिकले नाहीत हो. दुसऱ्या फेरीत 1420 वाल्या काकांनी धुतलं, 12.4 गेले.