मदत हवी आहे : एकट्या ज्येष्ठांना दंतोपचारापर्यंत कसे न्यावे?

नमस्कार. परळच्या आमच्या चाळीत एकट्या राहणाऱ्या काही आजी-आजोबांसाठी मार्गदर्शन हवे आहे. शेजारच्या आजी भाकरी दुधात कुस्करून गिळतात, हसताना पदर तोंडाशी धरतात. पण दवाखान्याचा विषय काढला की ‘या वयात दात पडायचेच, मुलाला कशाला खर्चात घालू’ असे म्हणून तो तिथेच संपवतात. मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत रुग्णालय आणि सीएसएमटीजवळचे शासकीय दंत रुग्णालय आम्हाला फार लांब नाही. मात्र कवळीसाठी माप घेणे, चावा जुळवणे, ती बसवून पाहणे आणि नंतर टोचते तिथे घासून घेणे अशा अनेक खेपा होतात, आणि प्रत्येक वेळी रजा टाकून सोबत जाणारे कोणी नसते. माझ्या मते खरी अडचण पैशापेक्षा या सोबतीची आहे. आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून ७० वर्षे व त्यापुढील सर्वांना ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले, तरी ते रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. आपल्यापैकी कोणाच्या ज्येष्ठ नागरिक संघाने आळीपाळीने सोबत जाण्याची व्यवस्था केली आहे का? संकोच करणाऱ्यांना पहिल्या तपासणीसाठी कसे राजी केले, हेही कृपया सविस्तर कळवावे.