नॉनरिस्पॉन्ससाठी 'समायोजन' म्हणावं का?

मुठाकाठ: फोनवरून केलेल्या कुटुंब-पाहणीचा अहवाल मराठीत आणते आहे. ज्या घरांनी उत्तरच दिलं नाही त्यांच्यापायी आकड्यांत जी दुरुस्ती करतात, तिला 'अप्रतिसादाचे समायोजन' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी खोडलं. म्हणाल्या, समायोजन अतिरिक्त शिक्षकांचं होतं. मग काय लिहू?

कसबेकर: समायोजन चालेल, 'अप्रतिसाद' नको. फोन लागलाच नाही आणि उचलून "वेळ नाही" म्हणाले, या दोन गोष्टी आहेत. 'संपर्क नाही' आणि 'नकार' असं वेगवेगळं लिहा.

माजी प्रगणक: सहमत. दारोदार फिरायचो तेव्हाही कुलूप आणि नकार आम्ही वेगळे नोंदवायचो. दुरुस्तीला सरळ 'भारांकन' म्हणा, म्हणजे बोललेल्यांचं उत्तर न बोललेल्यांच्या वाट्याचंही मोजायचं. एकट्या राहणाऱ्या तरुणांत १०० पैकी ४० बोलले तर प्रत्येकाला भार २.५, निवृत्तांत ८० बोलले तर १.२५. काम एवढंच आहे.

मंडईवाला: भारांकन कोणाच्या तोंडी आहे? आजोबा दुकानात तेल मोजण्याआधी रिकाम्या भांड्याचा 'धडा' करायचे, म्हणजे दुसऱ्या पारड्यात तेवढंच वजन टाकून तराजू सारखा करायचे. धडा घ्या, अस्सल मराठी आहे.

कसबेकर: दादा, शब्द सुंदर आहे, पण भांडं किती जड ते डोळ्यांसमोर असतं. न बोललेल्यांच्या मनात काय, ते कुठे दिसतं? त्यांच्या गटातले बोललेले लोक त्यांच्यासारखेच, असं आपण धरून चालतो. ते धरणं चुकलं तर भार लावूनही उत्तर चुकतं. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा कौल घ्यायला सुमारे १ कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, परत आल्या २४ लाखांच्या आसपास. त्यांवरून लँडन जिंकणार म्हणाले. निवडून आले रूझवेल्ट. म्हणून ज्यात पक्क्या मापाची खात्री आहे असा शब्द मला नको.

मंडईवाला: मग 'समायोजन'मध्ये तरी ती शंका कुठे आहे?

माजी प्रगणक: सांख्यिकीत कुठलीच संज्ञा शंका बोलून दाखवत नाही.

मंडईवाला: सांख्यिकी हिंदीतून आलंय. पुण्यात आम्ही संख्याशास्त्रच शिकलो.

माजी प्रगणक: शासनाचं 'अर्थ व सांख्यिकी संचालनालय' आहे की! आणि संख्याशास्त्र तरी संस्कृतच ना?

मुठाकाठ: अहवाल सोमवारी द्यायचा आहे हो. 'प्रतिसाद-भारांकन' कसं वाटतं?

कसबेकर: बघता येईल. पण तुम्ही सर्वेक्षण न लिहिता 'पाहणी' लिहिलंत ते फार आवडलं. पीकपाहणीतली पाहणी. मात्र फोनवर पाहतात काय?

मंडईवाला: वाट पाहतो, अनुभव पाहतो. पाहायला डोळेच कशाला लागतात?