छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी पोकळ टोकाची गोळीच घ्यावी का?

आखूड नळीच्या .३२ रिव्हॉल्व्हरमध्येही पोकळ टोकाचीच गोळी भरावी, असे वरील प्रतिसादात सुचवले आहे. त्याबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. पोकळ टोक उमलायला, म्हणजे लक्ष्यात शिरल्यावर पसरायला, वेग लागतो आणि या रिव्हॉल्व्हरचे .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे काडतूस मुळातच मंद असल्यामुळे, दोन-तीन इंची नळीतून सुटलेली अशी गोळी बहुधा न उमलताच साध्या गोळीसारखी वागते. त्यापेक्षा सपाट टोकाची, म्हणजे वॉडकटर गोळी मला अधिक भरवशाची वाटते: ती उमलण्यावर विसंबत नाही आणि तिचा हाताला बसणारा धक्काही सौम्य असतो. मात्र तिचे टोक काडतुसाच्या काठाशी समतल असल्याने घाईत सिलिंडर भरताना ती चटकन आत शिरत नाही, हे मान्य करायला हवे.

हलक्या रिव्हॉल्व्हरबाबत आणखी एक गोष्ट तपासावीच. सिलिंडरमधली बाकीची काडतुसे झाडून शेवटचे एक न झाडता बाहेर काढा आणि नव्या काडतुसाशेजारी उभे करून पाहा. धक्क्याने गोळी केसभर जरी पुढे सरकलेली दिसली, तर त्या प्रकारचे काडतूस वापरू नये, कारण पुढे आलेली गोळी सिलिंडर फिरू देत नाही.

पिस्तुलाचे .३२ एसीपी काडतूस या रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या खाचेत) बसते म्हणून कृपया कोणीही वापरू नये. त्याचा दाब बराच जास्त असतो. आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जात असताना काडतुसे गाडीच्या डिकीत मुळीच ठेवू नयेत.