म्यानमार सीमेवर कुंपण हवे की नोंद?

अनुराधा: फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव म्यानमार सीमेवरील मुक्त संचार व्यवस्था रद्द करण्याचे जाहीर केले, १,६४३ किलोमीटरच्या या सीमेला कुंपणही घालायचे ठरले आहे. तोवर दोन्हीकडच्या १६ किलोमीटरच्या पट्ट्यातील रहिवाशांना व्हिसाशिवाय ये-जा करता येत असे. मला हा निर्णय पटत नाही. मिझोराममधील झोखावथर गावाजवळून तिआउ नदी वाहते आणि तिच्या दोन्ही काठांवर एकमेकांचे सोयरेधायरे राहतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये पलीकडे लढाई पेटली, तेव्हा हजारो माणसे हीच नदी ओलांडून अलीकडे आली. जीव मुठीत धरून निघालेला माणूस कुंपण पाहून माघारी फिरत नाही. तो रानवाटेने येतो, आणि मग तो कोण आणि कुठला, याची नोंद कोणत्याच दप्तरी राहत नाही.

माधव: अनुराधाताई, याच सीमेवरून हेरॉईन, मेथ या अमली पदार्थाच्या गोळ्या आणि शस्त्रेही येतात, आणि मे २०२३ पासून मणिपूरने जे भोगले ते पाहता सीमा मोकळी ठेवा असे म्हणणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. कोणाला आत घ्यायचे हे नात्यागोत्यावरून ठरवता येत नाही. निर्वासित दर्जा देण्याचा अधिकार राज्यांना नाही, हे गृह मंत्रालयाने मार्च २०२१ मध्येच ईशान्येकडील राज्यांना कळवले होते.

शैलजा: आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. आपल्या मातीला हे नवे नाही.

माधव: ते उदाहरण माझेच म्हणणे सिद्ध करते. तिथे छावणी होती, याद्या होत्या, लंडनमध्ये आश्रय घेतलेले पोलिश सरकार खर्च उचलत होते आणि युद्धानंतर ती मंडळी निघूनही गेली.

अनुराधा: याद्या होत्या, हेच तर मी म्हणते आहे. आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे लेकरू पाठीशी बांधून आलेली बाई आणि अमली गोळ्यांचे खोके आणणारा दलाल, दोघेही विनापरवाना आलेले परदेशीच ठरतात. डिसेंबर २०२४ पासून १० किलोमीटरच्या पट्ट्यासाठी सीमा पास सुरू झाला, बायोमेट्रिक नोंदही होते, आणि ही सुधारणा मी मनापासून मान्य करते. परंतु त्याची मुदत सात दिवसांची आहे. लग्नाला किंवा बाजाराला आलेल्याला ती पुरते. ज्याचे घर जाळले गेले, त्याला आठव्या दिवशी आपण कुठे पाठवणार आहोत?

माधव: त्यासाठी संसदेने कायदा करावा, त्याला माझा पाठिंबा राहील. तोवर कुंपणाचे काम मात्र थांबू नये.