मदत हवी आहे: डॅनिश पार्टीत गायला गाणं रचायचंय

नमस्कार मंडळी, आम्ही डेन्मार्कमध्ये आर्हुसला राहतो. शेजारच्या काका-काकूंच्या लग्नाला पुढच्या महिन्यात 25 वर्षं होतायत. इथे अशा वेळी दारावर हिरव्या पानांची कमान उभारतात आणि त्या दिवशी सकाळीच शेजारीपाजारी अंगणात जमून ग्रुंटविग या डॅनिश कवीचं 'देत एर सो युन्दिग्त' हे लग्नाचं गाणं गातात. मग आत नाश्ता. तेवढं जमेल, ते गाणं 'हॉयस्कोलेसांगबोगेन' या डॅनिश गाण्यांच्या पुस्तकात आहे.

घोळ संध्याकाळचा आहे. जेवताना पाहुणे स्वतः रचलेली गाणी म्हणतात: ओळखीची चाल, शब्द नवे, उत्सवमूर्तींची थट्टा करणारे. छापलेला कागद सगळ्यांना वाटायचा, वर चालीचं नाव लिहायचं. यजमानीणबाईंनी हसत सांगितलंय, "तुमचंही एक हवं हं!"

कुणी इथे असं गाणं रचलंय का? चाल कोणती घ्यावी? वाढदिवसाच्या गाण्याची सोपी वाटते, पण तिच्यावर दहा जणांनी आधीच रचलं असेल. कडवी किती ठेवावी? एक कडवं मराठीत, उखाण्यासारखं घालावं म्हणतोय (बायकोच्या मते हा आगाऊपणा आहे). चालेल का? थट्टा कुठवर खपते तेही सांगा, काकांचं बागकाम हा विषय फारच मोहात पाडतोय.

शेवटी ग्लास उंचावून 'स्कोल' (म्हणजे 'चीअर्स') म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, हे माहीत आहे. पण तीन-तीनदा 'हुर्रा' आणि मग तो लांबलचक हुर्रा, त्याची सुरुवात गाणं रचणाऱ्याने करायची की दुसऱ्या कुणी? डॅनिश तपासून देणारं कुणी असेल तर मेसेज करा, प्लीज.