सिम्बल बोंबलतात तो दोष माइकचा की ड्रमरच्या हाताचा?

कोपऱ्यातला_माइक
नाशिकच्या बँडांची रेकॉर्डिंगं अधूनमधून मिक्सला माझ्याकडे येतात. सगळ्यांची रड एकच. किक-स्नेअर हे ड्रम कुठेतरी मागे आणि पुढे क्रॅश-हायहॅट या सिम्बलचा, म्हणजे धातूच्या थाळ्यांचा, नुसता कचकचाट. वर फर्माईश, "सिम्बल जरा खाली घ्या ना." घेऊ कुठून? स्नेअरच्या माइकात हायहॅट, टॉम ड्रमच्या माइकात राइड सिम्बल आणि ओव्हरहेडमध्ये (किटच्या वर लावलेल्या माइकात) तर सगळी जत्राच. स्नेअर उजळ करायला ट्रेबल वाढवली की आधी हायहॅटच उसळतो.

माझं मत: हा प्रश्न ना माइकचा ना सॉफ्टवेअरमधल्या प्लगइनचा, हा हाताचा आहे. ड्रम ठासून आणि सिम्बल हलके, हा तोल वाजवतानाच साधावा लागतो. आपल्याकडे स्नेअरला गोंजारतात आणि सगळा राग क्रॅशवर काढतात.

डावखुरा_सिडको
झालं, पुन्हा ड्रमरच्या नावाने शिमगा! आम्ही वाजवतो त्या खोल्या बघितल्यात का? सिम्बल चार फुटांवर, ओव्हरहेड साडेसहावर आणि साडेनऊ फुटांवर स्लॅब. छतावर आपटून येणारा आवाज सरळ येणाऱ्यापेक्षा सहा फूट जास्त फिरतो, म्हणजे पाचेक मिलिसेकंद उशिरा माइकात शिरतो. दोन्ही मिसळले की काही फ्रिक्वेन्सी कापल्या जातात, काही फुगतात. तो टोचरा आवाज तिथून येतो. आधी किटच्या वर चार इंच जाडीचं, आवाज शोषणारं रॉकवूल टांगा, मग आमच्या हातांबद्दल बोला.

कोपऱ्यातला_माइक
छताचं मान्य. पण स्नेअरच्या माइकातला हायहॅट काय छतावरून येतो? माइक स्नेअरपासून 2 इंच, हायहॅटपासून 10. अंतर पाचपट, म्हणजे ढोबळ हिशेबाने हायहॅट 14 डेसिबल खाली. दोन्ही सारख्याच जोराने हाणले, तर तेवढीच काय ती फट. त्यावर कॉम्प्रेसर लावला की तीही बुजते, कारण तो स्नेअरचा ठोका दाबतो आणि मधल्या वेळातला हायहॅट वर काढतो.

सातपूर_साउंड
दोघंही माइकचं तोंड बघताय, पाठ कोणी बघत नाही. साध्या कार्डिऑइडला (मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या माइकला) बरोबर मागून सर्वांत कमी ऐकू येतं, तेव्हा त्याची पाठ हायहॅटकडे करा. पण सुपरकार्डिऑइडला, म्हणजे त्याहून अरुंद कोनातलं ऐकणाऱ्या माइकला, थेट मागूनही थोडं ऐकू येतं. त्याचा बहिरा कोन समोरून मोजला तर सव्वाशे अंशांच्या आसपास. लोक महागडा सुपरकार्डिऑइड आणतात, जुन्या सवयीने पाठ हायहॅटकडे करतात आणि मग "ब्लीड (शेजारच्या वाद्याचा माइकात शिरणारा आवाज) वाढलं" म्हणून ओरडतात. शिवाय हायहॅट आणि क्रॅश दोन-चार इंच वर घ्यायला पैसे पडत नाहीत. हात सुधारायला वर्षं जातात, स्टँडचा स्क्रू मिनिटात फिरतो.

डावखुरा_सिडको
क्रॅश वर घेतला की ओव्हरहेडच्या अजून जवळ गेला. तिकडचं काय?

सातपूर_साउंड
मग ओव्हरहेडही वर घ्या. आणि तुझा स्लॅब आडवा येत असेल तर रिबन माइक लावून बघ. वरच्या फ्रिक्वेन्सीत तो मुळातच मऊ असतो.

भांडी_बाजार
कोणी धातूबद्दल बोलेल म्हणून थांबलो होतो. काशाची वाटी आणि पितळेची वाटी वाजवून बघा, फरक कळेल. शिकाऊ किटवर बहुधा पितळेचे सिम्बल असतात, त्याहून वरच्या दर्जाचे 8 टक्के कथील असलेल्या पत्र्याचे. भारीतल्या बहुतेक सिम्बलमध्ये कथील 20 टक्के. 8 टक्क्यांवाले वाईट नसतात, पण आवाज जास्त चकचकीत आणि तीक्ष्ण. त्यात सिम्बल जाड असला की तो मोठाही वाजतो आणि लवकर थांबतही नाही. पातळ क्रॅश चटकन फुलतो, चटकन विझतो. नायलॉनच्या टोकाच्या काठ्या असतील तर त्याही बदला, लाकडी टोक कमी टोचतं. प्रीअँपवर (माइकचा आवाज वाढवणाऱ्या यंत्रावर) पैसे घालण्याआधी एक बरा क्रॅश घ्या.

वाकडी_बारव
आम्ही ढोल पथकवाले. रेकॉर्डिंगला ढोल माइकजवळ उभे करतो, ताशे आणि झांजा मागे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की 6 डेसिबल कमी, विषय संपला. तुम्हाला किटचे तुकडे करता येत नाहीत, तर सिम्बल नंतर वेगळे वाजवा. 1980 च्या अल्बमसाठी ब्रिटिश गायक पीटर गॅब्रिएलने ड्रमरना सिम्बलना हातच लावू दिला नव्हता, आणि त्या ड्रमच्या आवाजाचं नाव आजही निघतं.

कोपऱ्यातला_माइक
तिथे सिम्बल गाण्यातच नको होते, ते वेगळं. नंतर वेगळे वाजवलेले सिम्बल बहुतेकदा चिकटवल्यासारखे वाटतात. फिल (दोन भागांना जोडणारा ड्रमचा तुकडा) संपवून क्रॅशवर जाताना जो झोक असतो तो तुटतो. मी तर म्हणेन त्यापेक्षा ओव्हरहेडवर डी-एसर (टोचरा आवाज दाबणारं साधन) लावून थोडा कचकचाट सोसलेला बरा. तेही दोन-तीन डेसिबलच. त्याहून जास्त दाबलं की सिम्बल पाण्याखाली वाजल्यासारखे होतात आणि स्नेअरचीही धार जाते. म्हणून पुन्हा तेच, हात!

डावखुरा_सिडको
हात हात करताय तर ऐका. रेकॉर्डिंगला हेडफोनमध्ये मला काय देता? क्लिक (तालाची टिकटिक), बास, गिटार आणि ठणठणीत किक-स्नेअर. सिम्बल जवळजवळ नाहीतच. ऐकू आले नाहीत की माणूस जास्तच जोरात हाणणार. ओव्हरहेड माझ्या कानात खच्चून सोडा, दोन टेकमध्ये हात आपोआप आवरेल. आजवर एकाही इंजिनिअरने हे आपणहून केलेलं नाही, मागून घ्यावं लागतं.